टाळीची जागा

दिगू,

तुला मी आयुष्यभर ‘मर’ म्हणत आलो. रागानं नव्हे, ते माझं कामच होतं. नाटकातला सर्जेराव शेवटच्या प्रवेशात गोळी खातो आणि लेखकानं त्याला दोन ओळींत संपवलेला आहे. तू त्या दोन ओळींत अख्खा संसार करायचास. आधी एक गुडघा टेकवायचा, मग खांबाला धरून उठायचं, मग पुन्हा पडायचं, पडता पडता मिशी सारखी करायची. इकडे विंगेत मी वही धरून उभा, मागे नायक-नायिका शेवटच्या गाण्यासाठी ताटकळलेले, आणि तू आपला मरतो आहेस, मरतो आहेस, मरतच नाहीस.

केशोरीकडच्या त्या मंडईच्या जत्रेत, भर प्रयोगात माझा तोल गेला. दात आवळून म्हटलं, “मर ना बे लवकर, लोकायले घरी जायचं आहे!” डोक्यावर लटकणारा माइक काही मला दिसला नव्हता. माझं वाक्य चारही भोंग्यांतून गावावरून फिरून आलं. मग सगळा मांडव एका सुरात ओरडला, “मर ना बे, सर्जेराव!” तू मरता मरता उठलास. विंगेकडे बोट दाखवून म्हणालास, “त्या आतल्या माणसाले सांगा, त्याच्या म्हणण्यानं मी मरत नसतो.” इतक्या शिट्ट्या पडल्या की नायिकेचं गाणं राहूनच गेलं.

तेव्हापासून आपलं ठरलंच. दर प्रयोगात मी म्हणायचं आणि तू मरायचं. आता ते वाक्य माझ्या घशात अडकून बसलं आहे. कसं अडकलं ते शेवटी सांगतो. पुढची ओळ आधी सांगायची हा प्रॉम्प्टरचा धर्म, पण एवढी एक मी राखून ठेवतो.

प्रॉम्प्टर मी हौसेनं झालो नाही, हे तू चारचौघांत कितीदा सांगितलंस! दिवाळीनंतर धान घरी आलं की आपल्या झाडीपट्टीत मंडया भरतात, गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, आणि ज्याला तोंड आहे तो एकदा तरी त्याला रंग लावून पाहतो. मीही लावला. शिपायाची भूमिका, वाक्य एकच: “सरकार, घात झाला!” धावत आलो, तुझ्यासमोर उभा राहिलो, आणि काय झालं तेच आठवेना. शेवटी सुचेल ते बोललो, “सरकार, जेवण झालं!” तू डोळ्याची पापणी न लववता म्हणालास, “वा! मग आता पान खा, आणि कोणी आपला घात तर करत नाही ना, ते पाहून ये.” त्या दिवशी मला तू सावरलंस. पुढं वीसेक वर्षं, दिवसा राइस मिल आणि मोसमात विंग, असं मी तुला सावरत राहिलो. निदान माझा तसा समज होता.

तुझी एन्ट्री मला झोपेतही येते. पडदा उघडतो, तू पाठमोरा. हळू वळतोस. “हे गाव झोपलं तेव्हा मी जागा होतो.” इथं तू थांबायचास. ही तुझी टाळीची जागा. टाळी आल्याशिवाय पुढं सरकायचं नाही, मग पहाट होवो. एकदा कडाक्याची थंडी होती, लोक घोंगड्यातून हात काढेनात. तू तसाच उभा. मला वाटलं, विसरला. मी पुढचं वाक्य दिलं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा तर पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं दिलं. तू ढिम्म. कंटाळून लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठं सर्जेरावाचं बाकीचं बाहेर पडलं: “या तळ्याचं पाणी माझं, या पाण्यावरचं धान माझं, त्या धानावर बसणारी चिमणी माझ्या परवानगीनं उडते, आणि ज्या दिवशी ती न विचारता उडेल, त्या दिवशी मी आभाळ विकत घेईन!”

“विसरलो नव्हतो बे,” आत येऊन तू माझ्यावर खेकसलास, “थांबलो होतो. विसरला कोणता आन् थांबला कोणता, एवढं समजत नाही तं कायचा प्रॉम्प्टर तू?”

मग एका मोसमात तुझा डावा डोळा मिटायला लागला. पहिल्या अंकात टक्क उघडा, तिसऱ्या अंकात अर्धा. लोकांना वाटलं, काय खलनायक आहे, डोळा मारून राहिला! एका गावात तर दोन बायांनी तुझी तक्रार सरपंचाकडे नेली. मग आवाज नाकातून यायला लागला, शब्द एकमेकांत मिसळायला लागले. मी पडद्यामागे तुझं तोंड हुंगलं. वास आला नाही तर मला वाटलं, महागाची घेतली असेल. “किती मारली?” असं विचारलं, तर तू नुसता पाहत राहिलास. एका डोळ्यानं.

एक दिवस तुझ्या घरी जेवायला बसलो. अर्धा भात झाला आणि तू हातानं आपला जबडा वर धरलास. तसाच धरून घास चावत होतास. शेवंता वहिनी ताटाकडे पाहत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मला विनोद सुचला नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मायस्थेनिया ग्रॅव्हिस. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. वापरला की स्नायू थकतो, विसावला की थोडा परत येतो. लाखात काही जणांना होतो म्हणाले. तू माझ्याकडे वळून म्हणालास, “ऐकलं? लाखात!” पारितोषिक मिळाल्यासारखा. पण डॉक्टर हसले नाहीत. डोळा आणि जबड्यापुरतं ठीक आहे, म्हणाले, हेच छातीच्या स्नायूंना झालं तर श्वास थकतो. रोज संध्याकाळी एका श्वासात आकडे मोजायचे. कमी पडायला लागले की थांबायचं नाही, दवाखान्याकडे निघायचं.

“मी काय पहिलीतला पोट्टा आहो?” तू म्हणालास.

“मग दुसरं काही म्हणा,” डॉक्टर म्हणाले. “पण रोज तेच, आणि एका दमात.”

म्हणून रोज संध्याकाळी सर्जेरावाची एन्ट्री सुरू झाली. मी सुरुवात द्यायची, तू म्हणायचं, मध्ये न थांबता. तुझी कुरकुर एकच होती. “टाळीची जागा खाल्ली गा तुह्या डॉक्टरनं.” चांगल्या दिवशी तू आभाळ विकत घ्यायचास. बऱ्या दिवशी चिमणीपर्यंत. वहिनी चुलीपासून विचारायची, “भाऊजी, आज कुठवर?” मी म्हणायचो, “चिमणी.” मग ती चहा ठेवायची. “धान” म्हटलं की चहा राहायचा. ती तुझी गोळी शोधायची.

असं चाललं होतं, आणि ती महामारी आली.

आपल्या गावात सगळे खोकल्याला घाबरून होते. तू आपल्याला खोकता येणार नाही याला घाबरून होतास. हे भय मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. लोकांनी तोंडं झाकली, त्याचं तुला आधी बरंच वाटलं. “पाह्य, आता सारे माह्यासारखे. कोणाचंच तोंड दिसत नाही.” बाजार बंद, गाड्या बंद, मंडया बंद. तुझी गोळी मात्र नागपूरहून येणारी, आणि ती दिवसातून चार वेळा लागणारी. डब्यातल्या गोळ्या तळाला दिसायला लागल्या तशी वहिनी डबा हलवून पाहायची. तो आवाज मी मिलमध्येही ऐकायचो.

मग माझा पराक्रम. नागपूरच्या औषधवाल्यानं एका ट्रकवाल्याकडे पाकीट दिलं. कोहमाऱ्याच्या चौकात बंद ढाब्यासमोर माझी खूण काय, तर “मोठ्या मिशीचा माणूस.” मी गाडीला दुधाची रिकामी कॅन बांधून, दोन नाक्यांवर दूधवाला होऊन पोचलो. ट्रक आला. सरदारजी ड्रायव्हर माझ्याकडे बघतो, पाकीट देत नाही. “मूछवाला किधर है?” मिशी मास्कखाली! मी मास्क खाली ओढला, आणि मागून हवालदाराची काठी बसली. “मास्क वर घे!” वर घेतला, तर ड्रायव्हर गाडी सुरू करतो. खाली घेतला, तर काठी. असा वर-खाली, वर-खाली मी मिशीचं प्रदर्शन मांडलं. शेवटी हवालदारच ओरडला, “अरे दे दो भाई इसको, मेरा हाथ दुख रहा है!”

हे मी तुझ्या अंगणाच्या कुंपणाबाहेर उभा राहून साभिनय सांगितलं. तू हसलास. हसताना तुझे गाल वर गेले नाहीत. ओठ ताणले, दात दिसले, आणि चेहरा गुरगुरणाऱ्या जनावरासारखा झाला. मग तू भिंतीला टेकलास, छातीवर हात ठेवलास. वहिनी धावत आली. “भाऊजी, आतापासून हसवणं नोको. त्यायचा दम जाते.”

बघ दिगू, देवानं मला एवढंच दिलं होतं. शेती नाही, शिक्षण नाही, आवाज नाही. दिली ती फजिती, आणि ती सांगायची कला. तीही तुझ्यासाठी विष ठरली. त्या वर्षभर मी तुझ्याशी इतका कोरडा बोललो की तू एकदा विचारलंस, “काऊन बे, माह्यावर रागावला का?”

मोसम झाला नाही. धान घरी आलं, मंडई आली नाही. आपण कुंपणाच्या दोन बाजूंना बसून भांडायचो. तुझं म्हणणं, सर्जेराव मरायलाच नको. “भेव घेऊन लोक घरी गेले पायजे. मेला की संपलं ना बाप्पा, लोकं ढेकर देऊन झोपतात.” माझं म्हणणं, लोकांना झोपायचंच असतं, रात्रभर बसवून वर भेव कायले? तू म्हणालास, “पुढच्या मोसमात मी मरणारच नाही. तू कितीही म्हण.” मी म्हटलं, पाहू. हा वाद तिथंच आहे अजून, त्या कुंपणावर.

दुसऱ्या उन्हाळ्यात गावागावांत अंगणं रिकामी झाली. तेंदूपत्त्याचे फड लागले तरी माणसं दुरून बोलत होती. तुला ताप आला. मला आत येऊ देत नव्हते म्हणून संध्याकाळची एन्ट्री फोनवर. मी सुरुवात दिली. तू गेलास, गेलास, “या पाण्यावरचं धान...” आणि थांबलास.

मी काय करावं? मी म्हटलं, “माझं.”

मी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं, “धान माझं, त्या धानावर बसणारी...” तू “त्या” म्हणालास आणि पुन्हा थांबलास. मी वैतागलो. “अबे, वीस वर्षांचं पाठ तुझं! तापात डोकं गेलं का? चिमणी, चिमणी!” आणि फोनमध्ये वहिनीचा आवाज आला. “भाऊजी, ते विसरले नाहीत. त्यायले दमच पुरून नाही राहिला.”

विसरलेला कोणता आणि थांबलेला कोणता, हे तर तू शिकवलं होतंस. श्वास संपलेला कोणता, हे कोणीच शिकवलं नव्हतं.

महामारीसाठी उघडलेल्या तालुक्याच्या केंद्रात तुला नेलं. वसतिगृहाची इमारत, खाली खाटा. मी बाहेर, खिडकीच्या जाळीशी. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा चांगला आला. चिमट्यानुसार तू ठणठणीत. सिस्टरनं तुझं अडखळतं बोलणं ऐकून विचारलं, “पिऊन आले का हे?” आणि सगळ्यांना देत होते ते गोळ्यांचं पाकीट तुझ्यापुढं ठेवलं. त्यातल्या दोन गोळ्या तुझ्या आजाराला चालत नाहीत, नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तू सांगायचा प्रयत्न करत होतास. तोंडातून नुसती हवा येत होती.

मग मी जाळीला तोंड लावलं आणि प्रॉम्प्टिंग सुरू केलं. न चालणाऱ्या एकेक औषधाचं नाव, खणखणीत, ओळीनं, जशी पाठ केली होती तशी. अख्खा वॉर्ड खिडकीकडे पाहायला लागला. तरुण डॉक्टर आला, घामानं भिजलेला, किती दिवस झोपला नसेल कोण जाणे. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, बाकी समजलं. पण ही शेवटची बीपीची गोळी यांना का चालत नाही?”

“ती माझी आहे सर,” मी म्हटलं. “ओघात आली.”

तू हसलास. तेच ते हसू, गाल न उचललेलं. सिस्टर दचकून मागं सरली. डॉक्टर मात्र सरला नाही. त्यानं तुझ्या छातीकडे पाहिलं, पाकीट उचलून खिशात टाकलं आणि नागपूरला फोन लावला. बोलणं झाल्यावर मला म्हणाला, “ते काय म्हणून घेता तुम्ही यांच्याकडून? घ्या बरं.” मी सुरुवात दिली. तू “पाणी”पर्यंत गेलास. चिमटा अजूनही चांगलाच आकडा दाखवत होता. डॉक्टरनं चिमट्याकडे पाहिलं नाही, गोंदियाला न्यायला गाडी बोलावली. गाडी निघाली तेव्हा तू काचेतून एक बोट वर केलंस. मिशी सारखी करायची होती बहुतेक, हात तिथवर पोचला नाही.

तुझी अंत्ययात्रा मी पाहिली नाही, म्हणजे ती नव्हतीच. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं, गोंदियातच, दूर उभी वहिनी आणि तिचा भाऊ. दोन ओळींत आटोपलं, दिगू. लेखकानं लिहिलं होतं तसं. एक गुडघा नाही, खांब नाही. मला ती घाई अजून सोसत नाही. आता शेतात धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची वेळ आली आहे, तुझ्या बांधीत वहिनी एकटी उतरते. परवा तिनं विचारलं, “भाऊजी, त्या दिवशी फोनवर काय म्हणाले हो ते तुम्हाले?” मी म्हटलं, “नाटकाचंच.” खोटं नव्हतं ते.

आता ती राखून ठेवलेली ओळ.

गोंदियाच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी तळ्याच्या उंच पाळीवर होतो. आपल्या गावात आवाज तिथंच नीट येतो. एक सिस्टर होती. “भैया, जल्दी बात कर लो. नली डालनी है, फिर बोल नहीं पाएंगे. भाभी से हो गई, अब आपका नाम ले रहे हैं.”

मागं यंत्राचा फुसफुस आवाज. मग तू.

“वास्या.”

“बोल ना गा.”

“म्हण.”

“काय म्हणू?”

मग तू म्हणालास, “म्हण ना बे. लोकायले... घरी... जायचं आहे.”

मला कळलं. तुला ते वाक्य हवं होतं. केशोरीचं. तू गंमत करत होतास, त्या नळीच्या तोंडाशी बसून. मला माझ्याच फजितीवर हसायला लावत होतास, कारण वर्षभर मी तुला हसवलं नव्हतं. किंवा गंमत नसेल. मी तोंड उघडलं. वीस वर्षांत जे प्रत्येक रात्री सहज निघालं, ते निघेना. शिपायासारखा उभा राहिलो. काय झालं तेच आठवेना.

आणि मी तुला दुसरीच ओळ दिली. शेवटच्या प्रवेशाची नव्हे, पहिल्या अंकाची.

“दिगू, पडदा उघडला आहे. हे गाव झोपलं...”

यंत्र फुसफुसलं. मग तुझा आवाज, नाकातला, चिरकलेला, पण वळून बघणाऱ्या सर्जेरावाचा.

“हे गाव... झोपलं... तेव्हा मी... जागा होतो.”

आणि तू थांबलास.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. या तळ्याचं पाणी माझं. तळं समोरच होतं. द्यावं? विसरलास का? श्वास संपला? की थांबलास, घोंगड्यातल्या त्या लोकांसमोर थांबला होतास तसा, हट्टानं? मला अजूनही माहीत नाही. एवढं मात्र त्या क्षणी लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी तुला एकदाही टाळी दिलेली नाही. हात कायम वहीत अडकलेले.

मी फोन पाळीच्या दगडावर ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागलो. पाण्यात म्हशी धुणारी बाई वळून पाहायला लागली. मी वाजवतच राहिलो. दगडावरून सिस्टरचा आवाज आला, “हॅलो? भैया, ये कैसी आवाज आ रही है?”

“टाळी आहे, सिस्टर,” मी ओरडलो. “फोन त्याच्या कानाला लावा.”